जुने स्पीकर, नवे कपॅसिटर आणि ७२ हर्ट्झचा खड्डा

खर्जप्रेमी | शनिवार, २१:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो. आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्याकडे वीसेक वर्षं जुनी टू-वे, म्हणजे बॉक्समागे दोन युनिटं असलेल्या स्पीकरची जोडी आहे. खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर, वरच्यांना एक इंची कापडी डोमचा ट्वीटर, पोर्ट (हवेची नळी) मागच्या बाजूला. मध्यंतरी आवाज मंदावल्यासारखा वाटायला लागला म्हणून दोन्ही बॉक्स उघडले. क्रॉसओव्हरवरचे (वरचा-खालचा आवाज दोन युनिटांत वाटणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर बसवले. उघडलेच आहेत तर आतली कापसासारखी वॅडिंगही काढून टाकली, कारण ओळखीतल्या एकांनी सांगितलं की तिच्यामुळे आवाज गुदमरतो.

झालं भलतंच. झांजा, तारा सगळं लख्ख ऐकू येतं, पण गाणारी बाई मात्र पडद्यामागे उभी राहून गातेय असं वाटतं. डग्ग्याचा घुमारा पोकळ. म्हणून शेवटी मोजायचा यूएसबी माइक घेतला, आरईडब्ल्यू हे मोजायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, सोफ्यावर डोकं असतं तिथे माइक ठेवला आणि स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) सोडला. आलेख आणि क्रॉसओव्हरचा फोटो खाली डकवलाय. आलेख बघून पोटात गोळा आला. ७२ हर्ट्झला १२ डेसिबलचा खड्डा, १०० ते ३०० मध्ये सह्याद्रीची रांग, आणि ३००० च्या आसपास आणखी एक दरी.

प्रश्न एकच: पोर्टची नळी कापून किंवा वाढवून तो ७२ चा खड्डा भरता येईल का? डाव्या-उजव्याचे आलेख वरच्या पट्टीत जवळजवळ एकावर एक बसतात, म्हणजे माझ्या डाखकामात चूक नाही एवढं नक्की.

---

अर्धा_डेसिबल | शनिवार, २१:४८

पोर्टला हात लावू नका. करवत खाली ठेवा आणि आधी टेप घ्या. वूफरपासून मागच्या भिंतीपर्यंत किती अंतर आहे?

---

खर्जप्रेमी | शनिवार, २१:५५

वूफरच्या तोंडापासून मोजलं तर १ मीटर २० सेंमी.

---

अर्धा_डेसिबल | शनिवार, २२:२०

मग खड्डा सापडला. तो स्पीकरचा नाही, भिंतीचा आहे.

वूफरचा खालचा आवाज सगळीकडे पसरतो, मागेही जातो. भिंतीवर आपटून परत येताना त्याला १.२ मीटर जाऊन १.२ मीटर यायचं आहे, म्हणजे २.४ मीटरचा वळसा. ज्या कंप्रतेला हा वळसा बरोबर अर्ध्या तरंगलांबीइतका, तिथे परतलेला आवाज सरळ आलेल्याच्या उलट्या पावलाने येतो आणि दोघं एकमेकांना खातात. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद धरा, त्याला ४ गुणिले १.२ ने भागा. उत्तर ७१ येतं. तुमचा खड्डा ७२ ला.

खात्री करायची तर स्पीकर भिंतीपासून ४० सेंमीवर सरकवा आणि परत स्वीप घ्या. ७२ चा खड्डा नाहीसा होऊन २१४ च्या आसपास काहीतरी उगवेल. पोर्टमुळे झालेला खड्डा असा चालत नाही.

१०० ते ३०० मधली सह्याद्रीही बहुतेक खोलीचीच. सोफ्यावरून घेतलेला आलेख म्हणजे स्पीकर अधिक खोली. तो खोटा नसतो, पण त्यावरून क्रॉसओव्हर बदलायला निघालात तर खोलीचं औषध स्पीकरला पाजाल.

३००० ची दरी मात्र मला आवडलेली नाही. तिच्याबद्दल नंतर.

---

कानसेन | शनिवार, २३:०२

वाचतोय. आकडेमोड छान आहे, पण एक विचारू? मोजमापाचा कागद समोर आला नसता तर खर्जप्रेमींना खड्डा ऐकू आला असता का? माझ्या मते कान हेच अंतिम. सपाट आलेखाचे पण जीव नसलेले स्पीकर मी पुष्कळ ऐकले आहेत.

---

वक्ररेषा | शनिवार, २३:३०

कानसेन, त्यांना आधी ऐकूच आलं आणि मग त्यांनी माइक घेतला. धागा परत वाचा. :)

आणि 'सपाट' म्हणजे कुठला सपाट? समोरून एक मीटरवर सपाट, पण बाजूला ४५ अंशावर ट्वीटर-वूफरच्या सांध्यात खळगा, असा स्पीकर खोलीत निर्जीव वाटू शकतो. भिंतींवरून येतो तो बाजूचाच आवाज. म्हणून तर सीटीए-२०३४ या स्पीकर मोजायच्या प्रमाण पद्धतीत आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशाला मिळून ७० मोजमापं घेतात.

---

नवशिक्या | रविवार, ०८:१५

दोन बाळबोध प्रश्न. १) मोबाइलवरच्या ॲपने चालेल का? २) ७२ ला खड्डा आहे तर ईक्यूने (हव्या त्या कंप्रतेचा आवाज कमी-जास्त करायची सोय) ७२ वर करून टाकला की झालं ना?

---

अर्धा_डेसिबल | रविवार, ०९:०५

१) तुलनेसाठी चालेल. 'आधी आणि नंतर' काय बदललं, डावा-उजवा सारखे आहेत का, एवढं फोन सांगतो. पण फोनचा माइक बोलण्यासाठी असतो, खालचा खर्ज बऱ्याच फोनमध्ये मुद्दाम कापलेला असतो. त्यावर विसंबून 'माझ्या वूफरला बेस नाही' असं म्हणू नका. मोजणीच्या माइकबरोबर त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल येते, ती भरायला विसरू नका.

२) नाही. १२ डेसिबल वर न्यायचं म्हणजे ॲम्प्लिफायरकडून साधारण १६ पट वीज मागायची. ती दिलीत तरी सरळ आवाज वाढतो तसा भिंतीवरून परतणाराही वाढतो आणि दोघं पुन्हा एकमेकांना खातात. वूफर बिचारा आत-बाहेर हेलपाटे घालून थकतो, खड्डा तिथेच. उंचवटे ईक्यूने कापावेत, असले खड्डे जागा बदलून घालवावेत.

---

डाखवाला | रविवार, ११:४०

मोजण्याची गाडी सुटलीच आहे तर अनुभवाचा एक बोल. क्लास-डी ॲम्प असेल तर तो बहुधा ब्रिज पद्धतीचा असतो. त्यात स्पीकरची काळी तार म्हणजे जमीन (ग्राउंड) नव्हे, तिच्यावरही सिग्नल असतो. मी एकदा साउंडकार्डची जमीन त्या काळ्या टर्मिनलला जोडून व्होल्टेज मोजायला गेलो. टक् असा आवाज आला, साउंडकार्ड गेलं, ॲम्प नशिबाने वाचला. आधी पुस्तिका वाचा.

इम्पिडन्स (कंप्रतेगणिक स्पीकर विजेला करतो तो विरोध) मोजायला ॲम्प लागतच नाही. साउंडकार्डचं हेडफोन आउटपुट, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि दोन चॅनेलचं इनपुट एवढ्यात भागतं. माझ्या मते माइकच्या आधी प्रत्येकाने हेच करावं. खोली शांत नको, शेजारी झोपलेले चालतात, आणि स्पीकरच्या पोटातलं बरंच काही कळतं.

खर्जप्रेमी, तुमच्या बॉक्सचा इम्पिडन्स आलेख टाका. वॅडिंग काढलीत म्हणालात तिथे मला शंका आहे.

---

खर्जप्रेमी | मंगळवार, २२:३५

सगळ्यांना उत्तरं एकत्रच देतो.

भिंतीचं तंतोतंत खरं निघालं. स्पीकर ४० सेंमीवर आणले, ७२ चा खड्डा गायब. २१० च्या जवळ एक उथळ खळगा आला, तो पहिल्याइतका खोल नाही. वर बेस फुकटात वाढला. मी खरंच नळी कापणार होतो हो.

डाखवाला, १०० ओहमची युक्ती केली. आलेख डकवलाय. अपेक्षेप्रमाणे दोन कुबडं दिसतात, मधली दरी ४४ हर्ट्झला. पण ५३५ च्या जवळ रेघेला एक बारीक सुरकुती आहे. दोन्ही बॉक्समध्ये तिथेच. ती काय?

---

डाखवाला | मंगळवार, २३:१०

मधली दरी म्हणजे पोर्टचं ट्यूनिंग, ४४ हर्ट्झ. दोन्ही बॉक्समध्ये सारखंच असेल तर हवा कुठून गळत नसावी.

सुरकुतीसाठी पुन्हा टेप काढा. बॉक्सच्या आतली उंची किती?

---

खर्जप्रेमी | मंगळवार, २३:१४

३२ सेंमी. तुम्ही लोक टेपशिवाय घराबाहेर पडत नाही का?

---

डाखवाला | मंगळवार, २३:२९

शिंप्याचा आणि आपला धंदा एकच!

३४३ भागिले ०.६४ केलं की ५३६. तळ आणि छत यांच्यामध्ये अर्धी तरंगलांबी मावते तिथे आतली हवा डोलायला लागते. त्या डोलण्याचा धक्का कोनला (वूफरच्या हलणाऱ्या शंकूला) मागून बसतो, म्हणून इम्पिडन्सवर सुरकुती. हाच आवाज पोर्टच्या नळीतून बाहेरही पडतो. पोर्टच्या तोंडाशी माइक धरून पाहा, ५३५ ला सुळका दिसेल. हा 'मोकळा' आवाज म्हणजे रिकाम्या डब्याचा आवाज. काढलेली वॅडिंग हीच लाट खायला ठेवलेली होती.

परत घाला. भिंतींना, वर आणि तळाला लावा. वूफर आणि पोर्ट यांच्यामधली वाट मात्र मोकळी ठेवा. पोर्टच्या बॉक्समध्ये ठासून भरायची नसते, नाहीतर पोर्टचं काम मंदावतं. बंद बॉक्सची गोष्ट वेगळी. तिथे भरणीमुळे हवेचं तापमान दाबाबरोबर फारसं हलत नाही आणि बॉक्स आहे त्याहून मोठा असल्यासारखा वागतो.

---

पोर्टातला_वारा | बुधवार, ००:२०

माझं नाव कोणी घेतलं?

अवांतर: माझ्या वूफरच्या कडेचा फोम हात लावला की भुगा होतो. नवा फोम लावला तर आवाज बदलेल का?

---

डाखवाला | बुधवार, ०७:५०

फोम कुजतोच, रबराची कड पुष्कळ जास्त टिकते. मापाचा फोम मिळाला तर लावा. चिकटवताना कॉइल मधोमध राहिली पाहिजे. जमेल तिथे डस्टकॅप (कोनच्या मधली टोपी) काढून आत पातळ पट्ट्या खोचतात, नाहीतर ५० हर्ट्झच्या आत एखादा हळू सूर वाजवत कोन बसवतात म्हणजे घासलं तर लगेच कळतं. नव्या कडेचा ताठरपणा जुन्यासारखाच असेल असं नाही, त्यामुळे नंतर अनुनाद कंप्रता मोजून घ्या. जास्त प्रश्न असतील तर वेगळा धागा काढा, इथे खर्जप्रेमींचं लग्न चाललंय.

---

अर्धा_डेसिबल | बुधवार, २०:४५

आता ३००० च्या दरीकडे.

खर्जप्रेमी, स्पीकर उंच स्टुलावर ठेवा, ट्वीटर जमिनीपासून १.२ मीटर. माइक ट्वीटरच्याच उंचीवर, १ मीटर समोर. भिंती आणि कपाट जितकं लांब तितकं बरं. जमिनीवरून उसळून येणाऱ्या आवाजाचा रस्ता २.६ मीटर, सरळ रस्ता १ मीटर, फरक १.६ मीटर. म्हणजे सरळ आवाज पोचल्यावर साधारण ४.७ मिलिसेकंदांनी पहिला पाहुणा येतो. त्याआधी खिडकी बंद करायची: आरईडब्ल्यूमध्ये इम्पल्सवर (आवाज कुठल्या क्षणी किती पोचला त्याचा आलेख) ४.५ मिलिसेकंदांचा गेट लावा. जे उरेल ते खोलीशिवायचा स्पीकर.

किंमत मोजावी लागते. ४.५ मिलिसेकंदांत जी लाट पुरी होत नाही ती दिसत नाही, म्हणजे सव्वादोनशे हर्ट्झखाली हा आलेख निरुपयोगी. वरही तपशील भरडाच. १००० च्या वर मात्र विश्वासाचा.

खालच्या भागासाठी माइक वूफरच्या कोनच्या मधोमध, अर्ध्या सेंटीमीटरवर. डॉन कील यांनी १९७४ मध्ये ही जवळून मोजायची रीत मांडली आणि घरी मोजणाऱ्यांवर उपकार केले. इतक्या जवळ खोलीचा आवाज कोनच्या आवाजापुढे नगण्य असतो. तुमच्या कोनचा व्यास १३ सेंमी धरला तर ही रीत ८४० हर्ट्झपर्यंत चालते. मग पोर्टच्या तोंडाशी तसंच. पोर्ट ५ सेंमीचा असेल तर त्याचा आलेख ८.३ डेसिबल खाली आणून वूफरच्या आलेखात मिळवायचा, नाहीतर बेस उगाच डोंगराएवढा दिसेल.

हा जवळचा आणि तो गेट लावलेला असे दोन आलेख जोडताना बॅफल स्टेप विसरू नका. जवळून मोजताना ती दिसत नाही. २० सेंमी रुंदीच्या बॉक्सला ती ५७५ च्या आसपास असते. तिच्या वर आवाज समोर ढकलला जातो, खाली मागेही पसरतो, एकूण फरक ६ डेसिबलपर्यंत.

आणि माझ्या शंकेसाठी एक मोजमाप जास्तीचं: माइक तिथेच, फक्त ३० सेंमी वर उचलून.

---

कानसेन | बुधवार, २१:३०

एवढ्या वेळात आम्ही तीन मैफिली ऐकून झालो.

---

खर्जप्रेमी | शनिवार, १३:२०

सकाळपासून स्टुलावर स्टूल रचून बसलोय. घरच्यांनी आशा सोडली आहे.

गेट लावल्यावर सह्याद्री सपाट झाला, डोळ्यांवर विश्वास बसेना. ३००० ची दरी मात्र हललीसुद्धा नाही. उलट नीट दिसायला लागली: २९०० ला मध्य, १५ डेसिबल खोल, दोन्ही स्पीकरमध्ये. आणि गंमत म्हणजे माइक ३० सेंमी वर नेला की दरी भरून निघते!

फिल्म कपॅसिटर चांगले नसतात का? जुने परत लावू?

---

वक्ररेषा | शनिवार, १३:४४

कपॅसिटरचा रेझिस्टन्स बदलल्याने अर्धा-पाऊण डेसिबल इकडेतिकडे होतो. १५ नाही.

---

अर्धा_डेसिबल | शनिवार, १४:०५

हेच पाहायचं होतं. आता खरं सांगा, रागावणार नाही: डाखकाम करताना ट्वीटरच्या तारांची अदलाबदल केलीत का?

---

खर्जप्रेमी | शनिवार, १४:३१

...

हो. पण दुरुस्ती म्हणून! दोन्ही बॉक्समध्ये क्रॉसओव्हरची लाल तार ट्वीटरच्या उणे टर्मिनलला होती. म्हटलं कारखान्यात कोणीतरी झोपेत जोडली असणार. दोन्हीकडे लाल अधिकला केली.

---

अर्धा_डेसिबल | शनिवार, १५:१५

कारखान्यातला माणूस टक्क जागा होता.

तुमच्या क्रॉसओव्हरच्या फोटोत ट्वीटरच्या वाटेत एक कपॅसिटर आणि एक कॉइल, वूफरच्या वाटेत एक कॉइल आणि एक कपॅसिटर. म्हणजे सप्तकाला १२ डेसिबलचे उतार. अशा फिल्टरमध्ये सांध्यावर वूफर ९० अंश मागे पडतो आणि ट्वीटर ९० अंश पुढे जातो. दोघांत १८० अंश. सरळ जोडलेत तर एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि समोर दरी. म्हणून ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात. वर नेलेल्या माइकपर्यंत वूफरचा रस्ता सुमारे ५ सेंमी जास्त लांबतो, २९०० हर्ट्झला ती जवळपास अर्धी तरंगलांबी, म्हणून तिथे दोघांचं पुन्हा जमलं.

हा नियम सगळीकडे लावू नका. २४ डेसिबलच्या उतारात फरक ३६० अंशांचा पडतो, तिथे सरळच जोडतात. शिवाय वूफरचं केंद्र ट्वीटरपेक्षा मागे असतं, युनिटांचा स्वतःचा उतारही त्यात मिसळतो. पुस्तकातला उताराचा नियम पाहायचा, मग एकदा सरळ आणि एकदा उलटा जोडून मोजायचं. दरी जिथे खोल आणि सममित येते, त्याच्या उलटी जोडणी बरोबर. मी तर क्रॉसओव्हर जुळवताना ही दरी मुद्दाम पाडतो. जितकी खोल पडेल तितकं जमलंय.

आणि धागा काढतानाच तुम्ही म्हणाला होतात, दोन्ही सारखे म्हणजे चूक नाही. दोन्हीकडे एकच चूक केली की दोन्ही सारखेच येतात.

---

कानसेन | शनिवार, १५:५०

पडदा सापडला म्हणायचा. बाईच्या आवाजातली शब्दांची धार तिथेच असते, ३००० च्या आसपास. हे मला कानांनी कळलं होतं, कारण नव्हतं कळलं. एवढं मान्य.

---

खर्जप्रेमी | रविवार, १९:०५

तारा होत्या तशा केल्या, वॅडिंग परत घातली. दरी भरली. ५३५ ची सुरकुती इम्पिडन्सच्या आलेखात शोधावी लागते. बाई पडद्यासमोर आली.

आता तक्रार अगदी बारीक: 'स' आणि 'श' थोडे टोचतात. गेट लावलेल्या आलेखात ४००० च्या वरचा भाग दीडेक डेसिबल उंच. जुना ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एलसीआर मीटरवर लावला तर त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स पाऊण ओहम दाखवतो, नव्याचा जवळजवळ शून्य.

---

डाखवाला | रविवार, १९:४०

मग तो पाऊण ओहम परत द्या. नव्या कपॅसिटरला एकसर ०.७ ते १ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर. रचणाऱ्याने जुन्या कपॅसिटरचा तो दोष हिशेबात धरलेला असू शकतो. जास्त खाली आणायचं असतं तर एल-पॅड (आवाज खाली आणणारी दोन रेझिस्टरांची जोडी) लावला असता, ८ ओहमच्या ट्वीटरला ३ डेसिबलसाठी एकसर २.३ आणि समांतर १९.४ ओहम. इथे गरज नाही.

एक सूचना: बोर्डावर दोन कॉइल शेजारी शेजारी आडव्या असतील तर एक उभी करून काटकोनात बसवा. जवळ असल्या की एकीचं चुंबकत्व दुसरीत शिरतं.

---

वक्ररेषा | रविवार, २०:३०

रेझिस्टर असलेला आणि नसलेला असे ताडून पाहणार असाल तर दोन काळज्या. आवाजाची पातळी जुळवा: टर्मिनलवर व्होल्टमीटर लावून १ टक्क्याच्या आत आणलीत की फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. किंचित मोठा वाजणारा नेहमीच 'जास्त छान' वाटतो. आणि कुठला वाजतोय ते स्वतःला कळू देऊ नका, घरातल्या कोणाला तरी बदलायला सांगा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ऐकवले होते. दिसत असताना लोकांच्या गुणांवर बॉक्सच्या रूपाचाही परिणाम झाला.

कानसेन, हे कानांच्या बाजूनेच आहे बरं का. डोळ्यांना तेवढं बाहेर बसवलंय.

---

कानसेन | रविवार, २१:१०

हरकत नाही. डोळे मिटूनच ऐकतो मी.

---

खर्जप्रेमी | गुरुवार, २२:५०

मुलीला रेझिस्टर जोडायला-काढायला बसवलं. तिने १२ फेऱ्या केल्या. १० वेळा मी रेझिस्टर असलेलाच निवडला. आता १ ओहम पक्का डाखून टाकला आहे.

शेवटचा आलेख डकवतोय, ३०० ते १०००० मध्ये अधिक-उणे २ डेसिबल. २१० चा तो उथळ खळगा सोफ्यावरून अजून दिसतो.

---

अर्धा_डेसिबल | गुरुवार, २३:०५

तो दिसणारच. मागच्या भिंतीवर एखादं जाड पुस्तकांचं कपाट सरकवता येत असेल तर पाहा. आणि ती करवत कोणाला तरी देऊन टाका.

---

नवशिक्या | शुक्रवार, ०७:३०

वाचनखूण साठवली. माझ्या स्पीकरची ट्वीटरची तार आत्ताच बघितली. लाल तार उणेला आहे. हात लावला नाही.